एल तोरचा निरुपद्रवी जंतू

पोट जड झालं, मळमळायला लागलं की घरातली मोठी माणसं म्हणतात, "मोडशी झाली असेल, आल्याचा रस घे." तुमच्यापैकी जे परदेशातच वाढलेत त्यांनी हा शब्द आजीच्या तोंडून फोनवर ऐकला असेल, किंवा ऐकलाही नसेल. आज मोडशी म्हणजे अपचन, फार तर एक दिवस ताकभातावर काढायचं दुखणं. पण सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर याच नावाने माणसं धास्तावत. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य तेव्हा गोव्यात राहत होता. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या त्याच्या पुस्तकात उलट्या-जुलाबांनी माणसाला बघता बघता संपवणाऱ्या एका रोगाचं वर्णन आहे, आणि त्याचं स्थानिक नावही दिलंय. पोर्तुगीजांच्या तोंडी त्या नावाचं 'मोर्देशीं' झालं. फ्रेंचांना त्यात 'मोर द शियाँ' ऐकू आलं, म्हणजे 'कुत्र्याची मौत'. युरोपीय लोकांच्या लिखाणात हा रोग पुढे बराच काळ कुत्र्याच्या मौतीच्या नावाने वावरला, आणि त्यामागे आपली साधी मोडशी होती!

तो रोग म्हणजे आजचा कॉलराच का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. १८१७ मध्ये, पेशवाई शेवटच्या घटका मोजत असताना, बंगालमधल्या जेसोरहून जी साथ निघाली ती मात्र नक्की कॉलराची. पुढच्याच वर्षी ती मुंबईत पोचली. मराठीत तिला पटकी म्हणायला लागले, आणि गावोगावी मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडायला लागले. रोग बाहेरून येतो आणि त्याला बाहेर घालवता येतं, ही समजूत त्या गाड्यात होती. तिच्यावर हसायचं कारण नाही. युरोपातली बंदरं तेव्हा जहाजं अडवून ठेवत होती ती याच समजुतीने.

पॉडकास्टच्या या भागासाठी आलेला एक प्रश्न असा होता: प्रोबायोटिक दह्याच्या डब्यावर 'चांगले जिवाणू' लिहिलेलं असतं, म्हणजे वाईट जिवाणू वेगळ्या जातीचे असतात का? बोलताना आम्ही त्याला दहा मिनिटं दिली आणि त्यात तो मावला नाही. उत्तर देताना लोक साधारणपणे दोन याद्या करतात. दह्यातले जिवाणू इकडे, कॉलरा-टायफॉइडचे तिकडे. मला या याद्याच पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते कॉलराच्या जंतूच्या इतिहासातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कशातून दिसत नाही. त्याचं शास्त्रीय नाव व्हिब्रिओ कॉलरी. जातीच्या नावातच रोगाचं नाव, म्हणजे हा तर जन्मजात गुन्हेगार असायला हवा. बघू या.

फ्लॉरेन्समध्ये फिलिपो पाचिनी याने १८५४ मध्येच कॉलराने मेलेल्यांच्या आतड्यात हा जंतू पाहिला होता, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. श्रेय गेलं रॉबर्ट कॉखला. १८८३ च्या उन्हाळ्यात तो साथीमागोमाग इजिप्तमध्ये गेला, तिथली साथ ओसरली म्हणून डिसेंबरात कलकत्त्याला आला, आणि १८८४ च्या सुरुवातीला स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू त्याने वेगळा करून वाढवला. प्रत्येक रोग्यात तो सापडत होता. अडचण एकच होती: कुठल्याही प्राण्याला तो देऊन कॉलरा होईना. अमुक जंतूने अमुक रोग होतो असं म्हणायचं तर तो निरोगी प्राण्यात घालून रोग दाखवा, असा आग्रह खुद्द कॉखच्याच विचारातून आलेला. कॉलराच्या बाबतीत त्याला स्वतःलाच ते जमत नव्हतं.

हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सरकारला ही फट सोयीची होती. कॉलरा माणसाबरोबर प्रवास करणारा जंतू आहे असं मान्य केलं, तर हिंदुस्थानातून सुएझमार्गे जाणाऱ्या जहाजांना विलगीकरणात अडकावं लागणार, आणि व्यापार बुडणार. तेव्हा कॉखला तपासायला म्हणून लंडनहून एमानुएल क्लाइन आणि हेनेज गिब्ज यांना कलकत्त्याला धाडण्यात आलं. क्लाइनने एक गोष्ट दाखवली: एका तळ्याच्या पाण्यात कॉखचे वाकडे जंतू आहेत, आजूबाजूचे लोक तेच पाणी वापरतात, आणि तिथे कॉलरा नाही. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. निरीक्षण मात्र चांगलं होतं. सरकारी सोयीसाठी केलेल्या कामातही कधी कधी खरं काहीतरी हाती लागतं. त्या तळ्यात नेमकं काय होतं ते कळायला आणखी शंभरेक वर्षं लागायची होती.

आता म्युनिक. माक्स फॉन पेटेनकोफर हा तिथला मोठा आरोग्यशास्त्रज्ञ. म्युनिकला स्वच्छ पाणी आणि गटारं मिळाली त्यात त्याचा मोठा वाटा. जंतू असतो हे त्याला मान्य होतं, एकटा जंतू पुरतो हे मान्य नव्हतं. तो समीकरण मांडायचा: जंतू हा 'एक्स', त्या जागेच्या जमिनीतून आणि ऋतूतून मिळणारं काहीतरी हा 'वाय', आणि दोन्ही एकत्र आले की तयार होतं ते खरं विष, 'झेड'. नुसत्या यीस्टने झिंग येत नाही आणि नुसत्या साखरेने येत नाही, दोन्ही मिळून दारू होते, तसं.

१८९२ मध्ये हाम्बुर्गला कॉलराची भयंकर साथ आली. काही आठवड्यांत साडेआठ हजारांहून जास्त माणसं मेली. हाम्बुर्ग एल्बे नदीचं पाणी न गाळता प्यायचं. शेजारी, अक्षरशः रस्त्यापलीकडे असलेलं आल्टोना त्याच नदीचं पाणी वाळूतून गाळून प्यायचं, आणि ते बचावलं. कॉखला याहून चांगला पुरावा नको होता. पेटेनकोफर तरीही हटला नाही. ७ ऑक्टोबर १८९२ ला, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्याने कॉलराच्या जंतूंचं ताजं कल्चर मागवलं आणि साक्षीदारांसमोर पिऊन टाकलं. जठरातल्या आम्लाने जंतू मेले असं कुणी म्हणू नये म्हणून आधी १०० मिलिलिटर पाण्यात एक ग्रॅम खाण्याचा सोडा घातला. त्याच्या हिशेबाने त्या घोटात शंभर कोटी जंतू होते. त्याला थोडे जुलाब झाले, बाकी काही नाही. दहा दिवसांनी त्याचा सहकारी रुडॉल्फ एमेरिश याने तेच केलं. त्याला बरेच जास्त जुलाब झाले, पण तोही वाचला.

शाळेच्या पुस्तकांत ही गोष्ट हट्टी म्हाताऱ्याची म्हणून येते. मला ती तशी सांगायला आवडत नाही. हाम्बुर्गमध्ये पेटेनकोफर चुकला, आणि पाणी गाळण्याच्या प्रश्नावर तसं चुकणं हजारोंच्या जिवावर येतं, हे आधी म्हणून घेऊ. पण त्याचा प्रश्न उरतोच. तोच जंतू, मग एक मरतो आणि दुसऱ्याला नुसती हगवण का? काही उत्तरं त्याच्याच शरीरात होती. १८५४ च्या म्युनिकच्या साथीत त्याला स्वतःला कॉलरा होऊन गेला होता, तेव्हा थोडी प्रतिकारशक्ती असणार. जठरातलं आम्लही महत्त्वाचं असतं: अमेरिकेत पुढे स्वयंसेवकांवर प्रयोग झाले तेव्हा दिसलं, की आम्ल जागेवर असेल तर प्रचंड संख्येने जंतू लागतात, आणि सोडा घेतला की त्याच्या हजारो पटींनी कमी जंतूंत काम भागतं. रक्तगटाचाही संबंध निघाला. 'ओ' गटाच्या लोकांना हा रोग झाला तर जास्त जोराचा होतो. हे सगळं माणसाच्या बाजूचं झालं. जंतूच्या बाजूचं उत्तर यायला वेळ लागला, आणि ते पहिल्यांदा दिसलं, पण ओळखलं गेलं नाही, ते एका वाळवंटातल्या ठाण्यावर.

सिनाई द्वीपकल्पावर लाल समुद्राच्या काठाशी एल तोर नावाचं विलगीकरण केंद्र होतं. हजहून परतणारे यात्रेकरू तिथे थांबवले जात. १९०५ मध्ये फेलिक्स गोत्श्लिश याने तिथे मेलेल्या काही यात्रेकरूंच्या आतड्यांतून जंतू वेगळे केले. ते वाकडे होते, आणि कॉलराच्या जंतूसाठी बनवलेल्या सीरमशी त्यांच्यासारखेच चिकटत होते. मात्र ही माणसं कॉलराने मेली नव्हती. त्यांचं मरण हगवणीसारख्या दुसऱ्याच आजाराचं. एक फरक तेवढा सापडला: हे जंतू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडत, कॉलराचा नेहमीचा जंतू फोडत नसे. मग वाद सुरू झाला. हा कॉलराचा जंतू म्हणायचा की त्याचा निरुपद्रवी चुलतभाऊ? बहुतेकांनी चुलतभाऊच ठरवला. १९३० च्या दशकात इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर त्याच्या छोट्या साथी आल्या, माणसंही मेली, तरी त्याला 'पॅराकॉलरा' म्हटलं गेलं. म्हणजे कॉलरासारखा, पण कॉलरा नव्हे. १९६१ मध्ये तो सुलावेसीहून निघाला आणि थांबलाच नाही. आशिया, मग आफ्रिका, १९९१ मध्ये पेरू, २०१० मध्ये हैती. आज जगात जो कॉलरा आहे तो जवळपास सगळा एल तोरचा. कॉखने पाहिलेला तो जुना, तिखट जंतू मागे पडत पडत दिसेनासा झाला.

हे कसं झालं, ते समजायला आधी कलकत्त्याला परत जावं लागतं. शंभुनाथ डे १९४९ मध्ये लंडनहून डॉक्टरेट घेऊन परतले आणि कॉलऱ्याच्या मागे लागले. शहरात रोगी भरपूर, प्रयोगशाळेत साधनं जेमतेम. कॉखपासून सगळे म्हणत होते की हा जंतू काहीतरी विष सोडत असणार. ते शोधायला लोक जंतूंचा अर्क प्राण्यांच्या शिरेत, पोटाच्या पोकळीत टोचत होते. प्राणी मरायचे, पण त्यांना कॉलरा व्हायचा नाही. डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि मधल्या पोकळीत जंतू सोडले. तो तुकडा पाण्याने फुग्यासारखा फुगला. हे १९५३ मध्ये. १९५९ मध्ये त्यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढले आणि उरलेलं नुसतं द्रव त्याच जागी घातलं. तरीही आतडं फुगलं. विष होतं, ते जंतूबाहेर सुटत होतं, आणि त्याचं काम आतड्याच्या आतल्या अस्तरावर चालत होतं. 'नेचर'मध्ये छापलेला तो निबंध अगदी छोटासा आहे.

त्याच सुमाराला मुंबईत, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी ही मंडळी सशाच्या पिल्लांवर काम करत होती. जंतू फोडून काढलेला अर्क तोंडावाटे दिला तरी पिल्लांना कॉलरासारखे जुलाब होतात, हे त्यांनीही १९५९ मध्येच छापलं. ते वापरत असलेल्या जंतूच्या वाणाचा क्रमांक होता '५६९बी'. तो लक्षात ठेवा.

डे यांचं पुढे फारसं झालं नाही. जोशुआ लेडरबर्गसारख्या नोबेलविजेत्याने त्यांचं नाव नोबेलसाठी एकापेक्षा जास्त वेळा सुचवलं होतं. १९८५ मध्ये ते वारले तोपर्यंत आपल्याकडे कुणी त्यांची म्हणावी तशी दखल घेतली नव्हती. बाहेर शिकून परत जाणाऱ्या माणसाचं काय होतं याच्या खूप गोष्टी तुम्ही ऐकत असाल. तर ही पण एक.

विष सापडल्यावर ते कसं चालतं हे उलगडलं. त्याचे दोन प्रकारचे भाग असतात. पाच सारखे तुकडे कड्यासारखे जुळून आतड्याच्या पेशीला घट्ट धरतात, आणि सहावा तुकडा आत शिरतो. तो पेशीतला एक स्विच चालू अवस्थेत अडकवून टाकतो. पेशी क्लोराइड बाहेर ओतत राहते, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. भाताच्या पेजेसारखे जुलाब होतात ते असे. जोराचा कॉलरा झालेला माणूस तासाला एक लिटरपर्यंत पाणी गमावू शकतो. गंमत म्हणजे पेशी यात मरत नाही, आतड्याला जखम होत नाही. साखरेबरोबर मीठ आत ओढून घेणारी पेशीची दुसरी वाट शाबूत असते, आणि मीठ-साखर-पाणी पाजून माणूस वाचतो तो त्या वाटेने.

आता जंतूच्या बाजूचं उत्तर. १९९६ मध्ये मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकॅलॅनॉस या बॉस्टनच्या दोघांनी दाखवलं, की या विषाचं जनुक मुळात जंतूचं नाहीच. ते एका विषाणूचं आहे. जिवाणूंना लागण करणारे विषाणू असतात, त्यांना फेज म्हणतात. दोऱ्यासारखा एक फेज कॉलराच्या जंतूत शिरतो, त्याच्या गुणसूत्रात जाऊन बसतो, आणि येताना विषाचं जनुक घेऊन येतो. घटसर्पाच्या जंतूबद्दल असंच काहीसं व्हिक्टर फ्रीमनने १९५१ मध्ये दाखवलेलं होतं, त्यामुळे कल्पना अगदीच नवी नव्हती. पण इथे दोन गोष्टी होत्या ज्या मला अजूनही चकित करतात. जंतू आतड्यात वस्ती करण्यासाठी केसांसारखे तंतू काढतो, आणि हा फेज आत शिरतो तो नेमका तेच तंतू धरून. त्यामुळे ही लागण काचेच्या नळीपेक्षा उंदराच्या आतड्यात जास्त सहज होते. म्हणजे निरुपद्रवी जंतू घातक होतो ती जागा आपल्या पोटातही असू शकते.

क्लाइनच्या त्या तळ्याकडे आता पुन्हा बघा. व्हिब्रिओ कॉलरीचे पृष्ठभागावरच्या साखरेवरून दोनशेहून जास्त गट पाडलेले आहेत. त्यांतल्या फक्त दोघांनी आजवर मोठ्या साथी आणल्या आहेत, आणि त्या दोन गटांतही प्रत्येक जंतूकडे विष असतंच असं नाही. बाकीचे खाड्यांमधल्या मचूळ पाण्यात सुखाने राहतात. कोळंबीच्या जातीचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव पाण्यात तरंगत असतात, त्यांच्या कवचाला चिकटून हे जंतू ते कवच खातात. त्यांचा मुख्य संसार तिथला. आपलं आतडं ही त्यातल्या काहींना सापडलेली वेगळी जागा. कवचावर बसलेले असताना हे जंतू आजूबाजूला सुटलेले डीएनएचे तुकडेही आत ओढून घेऊ शकतात. १९९२ च्या शेवटी मद्रासला कॉलराचा एक नवाच गट उभा राहिला तो एल तोरच्या जंतूने पृष्ठभागाची जनुकं बदलून. आधी कॉलरा झालेल्या प्रौढांनाही त्याने गाठलं, कारण त्यांच्या शरीराला ओळखीचा होता तो जुना पृष्ठभाग.

या कवचांवरून बांगलादेशातला एक प्रयोग निघाला. रिटा कोलवेल आणि तिथल्या सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या बायकांना तळ्याचं पाणी जुन्या सुती साडीच्या घडीतून गाळायला सांगितलं. जंतू साडीतून सहज पार होईल इतका लहान, पण ज्याला तो चिकटतो तो जीव अडकतो. २००३ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांत कॉलरा जवळपास निम्म्यावर आला. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन विरलेल्या सुताची छिद्रं बारीक होतात. तुमच्या घरी कुणी नळाला फडकं बांधताना पाहिलं असेल, तर ती कल्पना तुम्हाला नवी वाटणार नाही.

मग एल तोरचं काय झालं? जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांचे जीनोम ताडून २०१६ मध्ये त्याचा प्रवास मांडला गेला. दक्षिण आशियात एक फारसा धोकादायक नसलेला पूर्वज, तिथून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्यपूर्व, मग १९२० च्या दशकात सुलावेसीवरचं मकासर, आणि वाटेत टप्प्याटप्प्याने उचललेली जनुकं. गोत्श्लिशला जो भेटला तो अजून अर्ध्या वाटेवर होता. त्याच्या वेळच्या शास्त्रज्ञांनी त्याला निरुपद्रवी ठरवलं तेव्हा ते त्या दिवसापुरते बहुधा बरोबर होते.

आणि पूर्ण घातक झाल्यावरही एल तोर जुन्या जंतूपेक्षा सौम्यच राहिला. त्याची लागण झालेल्या बहुतेकांना काही होत नाही, किंवा साधे जुलाब होऊन थांबतात. ही माणसं अंथरुणाला खिळत नाहीत. ती विमानात बसतात, कामावर जातात, आणि जंतू त्यांच्याबरोबर जातो. हैतीत तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या छावणीतल्या मैलापाण्यातून नदीत गेला, आणि त्या साथीत दहा हजारांच्या जवळपास माणसं मेली. ज्याच्या पोटात तो असतो त्याला त्याचा पत्ताही नसतो, आणि नदीकाठचं मूल दुसऱ्या दिवशी मरतं. या जंतूला कुठल्या यादीत घालणार?

प्रयोगशाळा आता याद्या करत नाही. अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या पाण्यात व्हिब्रिओ कॉलरी सापडतो, हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. लोक तिथे खेकडे पकडतात, पोहतात. नमुन्यात तो दिसला की पुढचे दोन प्रश्न ठरलेले: गट कुठला, आणि विषाचं जनुक आहे का?

ते जनुक असलेला जंतू घेऊन त्यातून ते काढूनही टाकता येतं. अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालेली कॉलऱ्याची एक लस अशीच आहे. साथीच्या भागात जाणाऱ्या प्रवाशाला एक पुडी मिळते, तिच्यात जिवंत व्हिब्रिओ कॉलरी असतात, विषाच्या सहाव्या तुकड्याचं बहुतेक जनुक कापून टाकलेले. त्यांचा मूळ वाण ५६९बी, परळच्या सशाच्या पिल्लांना जुलाब लावणारा तोच. आम्लाने जंतू मरू नयेत म्हणून आधी १०० मिलिलिटर पाण्यात सोड्याची दुसरी पुडी विरघळवायची, मग त्यात जंतूंची, आणि ग्लास संपवायचा. चव थोडी खारट लागते म्हणतात.